चंद्रमोहनचा मीटर

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं मला सासूबाईंनी शिकवलं होतं. आता माझे दात गेले, आणि नाव घेऊ नको म्हणणाऱ्या त्याही गेल्या, तेव्हा एकदाच घेते. चंद्रमोहन. इथं मॉरिशसात, रोझ बेलला उसाच्या कारखान्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर ज्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं, ते. पुढे मी त्यांना 'हे'च म्हणणार. जन्माची सवय आहे, आता कुठे मोडू?

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच समजाल. दारूचा थेंब कधी शिवला नाही. कारखान्याच्या वर्कशॉपात पोरवयात झाडू मारायला लागले आणि बघून बघून मोटारींच्या वायरी शिकले. मग घराला लागूनच पत्र्याची शेड टाकली, तेच गॅरेज. गरिबाची लोतो असो की साहेबाची (गाडीला आम्ही लोतोच म्हणतो), हात सारखाच लावायचे. फक्त एक गोष्ट त्यांना सोसायची नाही. कुणी हसलेलं. कुणी हसलं की ह्यांचं डोकं जागेवर राहत नसे, आणि मग तोंडाला जे येईल ते बोलून मोकळे व्हायचे.

आणि लाड होता तो मीटरचा. पोर्ट लुईच्या बंदरात एका जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनकडून घेतलेला, काळा, काट्याचा, चामड्याच्या पेटीतला. वायरीत वीज खेळते की नाही, जोड पक्का की कच्चा, सगळं तो काटा सांगायचा आणि हे त्याचं ऐकायचे. माझं एवढं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता. त्या मीटरला कुणी हात लावायचा नाही. मला तर वरची धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत.

गॅरेजात ह्यांच्या जोडीला माझा धाकटा भाऊ होता, राधाकृष्ण. माझ्या लग्नात पाठराखा म्हणून माझ्याबरोबर सासरी आला तो परत गेलाच नाही. जाणार तरी कुठे? आईवडील नव्हते आम्हाला. सासूबाईंनीच त्याला वाढवला. सुनेचा भाऊ घरात ठेवून घेतला म्हणून भावकी कुजबुजायची, पण त्यांनी कधी त्याच्या ताटात कमी वाढलं नाही. उलट दुधावरची साय त्याच्या वाटीत आणि पोटच्या पोराच्या वाटीत नुसतं दूध. हे रागवायचे, तर म्हणायच्या, तुला आई आहे, त्याला ती नाही. मोठा झाल्यावर तो ह्यांच्याच हाताखाली तयार झाला. सोल्डरिंग तर ह्यांच्यापेक्षा सफाईदार. ते हे कबूल करायचे, पण तो समोर नसताना.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी यशपाल, क्युरपिपला सरकारी ऑफिसात मोठ्या जागेवर, त्यांनी आपली पांढरी जपानी गाडी आणली. नव्या तऱ्हेची होती. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते एक कॉम्प्युटर ठरवायचा, आणि तोच मेला होता. कंपनीचा दुसरा सबंध मॉरिशसमध्ये मिळेना. त्यांच्या मेलबर्नच्या चुलतभावानं कुठल्या परक्या कंपनीचा पाठवून दिला होता. मला वाटलं, कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखं काही असेल. निघाला माझ्या शिवणाच्या डब्याएवढा काळा डबा आणि त्याला वायरींची ही भली मोठी जुडी. ती त्या गाडीसाठी बनलेलीच नव्हती. एकेक वायर शोधून, कापून, नव्यानं जोडायची होती. बेटावर असलं काम कुणी केलं नव्हतं म्हणे. ह्यांची मान ताठ झाली. दोघं मेव्हणे दिवसभर गाडीखाली. वायरी डागायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम राधाकृष्णचं, आणि अर्थिंग, म्हणजे डब्याची काळी वायर गाडीच्या लोखंडाला आवळायची, ते ह्यांचं. अर्थिंग दुसऱ्यावर सोडायचं नसतं, असं हे सांगायचे.

त्यातच दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला गॅरेजातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची आणि सासूबाईंनी पुजायची, ही सासऱ्यांपासूनची रीत. ते ऊसतोडीचा कोयता पुजायचे, आम्ही पाने आणि पक्कड. मीटर दर वर्षी पेटीतच असायचा, पेटीच्या झाकणाला हळदकुंकू लागायचं आणि झालं. त्या वर्षी ह्यांनी तो पेटीतून काढून पाटाच्या मधोमध ठेवला. सासूबाईंना तोवर कमी दिसायला लागलं होतं. त्यांनी हातानं चाचपलं आणि विचारलं, हा उघडाच ठेवायचा का? हे म्हणाले, "उघडाच. ह्याच्यावरच सगळं आहे यंदा. ह्याला जरा जास्तच घाल, आई." मी तबक धरून तिथंच उभी होते, म्हणून हे शब्द मला पक्के ठाऊक आहेत. त्यांनी पोराच्या शब्दाखातर हळद घातली, कुंकू घातलं, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी मीटरवर मनापासून ओतलं. ह्यांनी नंतर ते फडक्यानं वरवर टिपलं आणि हात जोडले.

गाडी सुरू झाली. रोझ बेलच्या उन्हात अशी पळाली की यशपालांनी ह्यांना मिठी मारली. पण क्युरपिपला गेली आणि मेली. आता क्युरपिपचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल. तिथं उघडीप म्हणजे बातमी असते. धुक्यात दिवे लावले, वायपर सुरू केला, की इंजिन खोकायचं, आचके द्यायचं आणि चौकात उभं राहायचं. ओढून आमच्याकडे आणली की शहाण्या मुलीसारखी चालायची. सगळे म्हणाले डब्यात पाणी जातंय. ह्यांनी डबा प्लास्टिकात गुंडाळला. तरी तेच. मग एकेक जोड मीटरनं तपासला. त्याची पद्धत अशी: मीटरच्या दोन सुया आधी एकमेकींना टेकवायच्या, काटा पार उजवीकडे जातो. मग त्या सुया जोडाच्या दोन बाजूंना लावायच्या. काटा उजवीकडेच राहिला तर जोड पक्का, डावीकडे पडला तर कच्चा. सगळे जोड पक्के निघाले. अर्थिंग तर एकदम पक्कं.

राधाकृष्ण एकदा म्हणाला, दाजी, मीटर जरा उघडून बघू का? हे त्याच्या अंगावरच गेले. माझ्या मीटरला हात लावायचा नाही, आधी तुझी कामं बघ, म्हणाले. तो पुन्हा गाडीखाली शिरला.

मग तो रविवार. देवळात आरती झाली, मागच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका सासूबाईंसकट दुसऱ्या बाजूला. यशपाल थट्टेखोर माणूस. वाढता वाढता मोठ्यानं म्हणाले की चंद्रमोहनच्या कॉम्प्युटरला पावसाची सर्दी होते, त्याला एक छत्री घेऊन द्यायला पाहिजे. अख्खी पंगत हसली. त्यात वाईट काही नव्हतं हो, मलाही हसू आलं होतं. पण ह्यांचा चेहरा काळवंडला. हातातला घास ताटात टाकून उठले आणि म्हणाले, "माझं काम मी तपासलंय. डबा ह्यानं जाळलाय, राधाकृष्णनं. सोल्डरिंग करताना जाळला आणि आता लपवतोय."

राधाकृष्ण तिघांपलीकडेच जेवायला बसला होता. त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं. न बोलण्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. ताटातला भात त्यानं संपवला, हात धुतला आणि निघून गेला. घरी येऊन बघते तर त्याची पिशवीही नव्हती. खाली समुद्राकाठच्या सुरिनाम गावात आमचा एक लांबचा मामा होता, कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याच्याकडे गेला असं दुसऱ्या दिवशी कळलं.

मी ह्यांच्याशी भांडले. भांडले म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. माझ्या भावाला चोरासारखं हाकललंत, म्हटलं. हे म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही. कपाळ माझं. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, राधा कधी येणार? जेवताना त्याचं पान मांडून ठेवायच्या. मी उचलायची, त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायच्या. ह्यांना ते दिसायचं आणि हे मान खाली घालून जेवायचे. गॅरेजही बसत चाललं. एकट्यानं होत नव्हतं, आणि दुसऱ्या माणसाशी ह्यांचं जमत नव्हतं. तो घरी यायला हवा होता. माझ्यासाठी, त्या म्हातारीसाठी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त ह्यांच्यासाठी.

महाशिवरात्रीच्या सुमाराला मेलबर्नहून दुसरा डबा आला. ह्यांनी एकट्यानं बसवला, सगळ्या वायरी स्वतः डागल्या. यशपाल गाडी घेऊन क्युरपिपला गेले आणि लक्ष्मणच्या टॅक्सीला दोरीनं बांधून परत आले. लक्ष्मण आमच्याच नाक्यावर टॅक्सी चालवायचा, तोंडानं भारी सैल. दोघं गॅरेजात उभे. हे मीटर घेऊन बसले. सुया एकमेकींना टेकवल्या, काटा उजवीकडे गेला. मग कशाला तरी हात लावायला म्हणून दोन्ही सुया खाली ठेवल्या, दोन वेगळ्या बाजूंना, नुसत्या मोकळ्या. मी चहा घेऊन आले होते. हे मीटरकडे बघत होते. काटा उजवीकडेच होता.

ह्यांनी बोटानं टिचकी मारली. काटा धपकन डावीकडे पडला. पुन्हा सुया टेकवल्या, पुन्हा सोडल्या. काटा पुन्हा तिथंच चिकटला. मग मीटर उलटा केला आणि त्याचे स्क्रू काढले. आत काट्याच्या बुडाशी पिवळा लाल चिकट थर, वाळलेल्या काकवीसारखा. हळद, कुंकू, नारळाचं पाणी. म्हणजे एवढे महिने त्या काट्यानं प्रत्येक कच्च्या जोडाला पक्का म्हटलं होतं.

यशपाल वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, हे काय आहे? आणि ह्यांच्या तोंडून गेलं, "आईनं पाणी ओतलंय ह्यात."

बघा. ह्याला जास्त घाल म्हणून सांगणारे हेच. आणि वेळ आली तेव्हा पहिलं नाव आईचं घेतलं. माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला, नाहीतर तोंडावर फेकला असता. शेडच्या पत्र्यापलीकडे आमचं स्वयंपाकघर, आणि तिथं सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या. पत्र्यातून काय ऐकू येत नाही?

पुढचं काम चुटकीसरशी झालं, हीच तर लाज. हे गाडीखाली शिरले आणि अर्थिंगचा बोल्ट काढला. आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्यानं पत्रा गंजतो म्हणून गाड्यांना खालून डांबरासारखा रंग फासतात. ह्यांनी ती काळी वायर त्या रंगावरच आवळली होती. लोखंडाला ती धड टेकलीच नव्हती. इंजिनापुरती कशीबशी पुरायची, पण दिवे, वायपर, पंखा सगळं एकदम चालू झालं की त्यांचा भार तिच्यावर यायचा आणि कॉम्प्युटरला गरगरायला लागायचं. रंग खरवडला, वायर उघड्या लोखंडाला आवळली, सगळे दिवे लावून, वायपर चालवून गाडी सुरू केली. हूं की चूं नाही. यशपाल नुसते ह्यांच्या खांद्यावर थोपटून गेले. त्या दिवशी ते हसले असते तर बरं झालं असतं.

रात्रीच्या भाकऱ्या करताना सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्या हातानं राधाचं घर सुटलं का गं?" मी म्हटलं, तुमचा काही संबंध नाही, तुमच्या लेकानंच जास्त घाल म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तो लहान आहे, त्याला काय कळतंय, मला कळायला हवं होतं. पन्नाशीला आलेला लहान! हे दारात उभे राहून ऐकत होते. आत आले नाहीत.

पुढच्या रविवारी हे देवळात उभे राहिले. मी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. ज्या हॉलमध्ये बोलले होते तिथंच. म्हणाले, राधाकृष्णनं काही जाळलं नव्हतं, चूक माझी होती, मीटर बिघडला होता. आवाज असा की पुढच्या ओळीलाच ऐकू गेला असेल. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस ताळ्यावर आला. तेवढ्यात तो लक्ष्मण चांगुलपणा करायला गेला. म्हणाला, ह्यात चंद्रमोहनची काय चूक, म्हातारीनं नारळाचं पाणी ओतलं मीटरमध्ये, तिला बिचारीला काय ठाऊक. लोकांनी माना डोलावल्या. सासूबाई माझ्या शेजारी होत्या, पदर डोक्यावर ओढून जमिनीकडे बघत होत्या. आता तरी बोलतील, म्हणून मी ह्यांच्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं होतं तिला, एवढं वाक्य. कितीसं अवघड होतं ते? हे खाली बसले.

घरी येताना मी म्हटलं, शरम वाटते का काही? हे म्हणाले, वाटते. एवढंच. मग चालताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "कुंती, माझ्यानं ते होईना. उभा होतो, वाक्य तोंडाशी आलं होतं, आणि मी खाली बसलो." पहिल्यांदा मला त्यांची कीव आली आणि तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुरिनामला गेलो. सासूबाईंना येण्याची फार इच्छा होती, पण गाडी लागते म्हणून त्या थांबल्या. त्याच्यासाठी डाळपुरी करून ठेवते म्हणाल्या. मामाच्या पडवीत राधाकृष्ण एका होडीचं इंजिन उघडून बसला होता. वाळला होता, उन्हानं काळा पडला होता. मला बघून उठला, ह्यांना बघून उभाच राहिला.

हे त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. माझ्या लग्नानंतर मी त्यांना देवाशिवाय कुणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "अर्थिंग मी चुकवलं होतं. मीटर बिघडला होता, मला कळलं नाही. देवळात तुला चोर ठरवलं, काल तिथंच उभा राहून सांगून आलोय की तू निर्दोष आहेस. घरी चल."

राधाकृष्णनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मीटर बिघडलाय हे मला ठाऊक होतं, दाजी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच काटा चिकटताना दिसला. गुपचूप साफ करावा म्हणून उघडायला मागितला, तर तुम्ही दिला नाहीत."

"मग देवळात बोलला का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"कसा बोलणार? मीटर कशानं बिघडला असं कुणीतरी विचारलंच असतं. आई तिथं बसल्या होत्या. एवढ्या लोकांत त्यांचं नाव घ्यायचं?"

हे पडवीच्या कडेला बसले. राधाकृष्णला वाटलं, पश्चात्तापानं बसले असतील. तो मऊ झाला, हसलासुद्धा. असू दे दाजी, झालं गेलं, म्हणाला. आत जाऊन पिशवी घेऊन आला, दोरीवरचे कपडे काढून भरायला लागला. मामाला हाक मारून सांगितलं की मी घरी चाललो. माझा जीव भांड्यात पडतच होता. शर्टाची घडी घालता घालता त्यानं सहज विचारलं, "आईंना नाही ना कळलं? त्या फार लावून घेतात जिवाला."

हे माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं. नाही कळलं असं मी म्हणावं, म्हणजे तो येईल. मी म्हणू शकले असते. भाऊ माझा होता, मलाही तो हवा होता. पण काल डोक्यावर पदर ओढून बसलेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तोंड फिरवलं.

"कळलं," हे म्हणाले. "माझ्याच तोंडून. गॅरेजात यशपालसमोर बोलून गेलो. आणि काल देवळात सगळ्यांना कळलं, तेव्हा गप्प बसलो."

राधाकृष्णनं घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला आणि दोरीवर टाकला. मग दुसरा. मला म्हणाला, ताई, माझ्याबद्दल दाजी बोलले ते मी विसरलो होतो. जेवून जा. ह्यांच्याकडे त्यानं बघितलंही नाही. ह्यांचंही पान वाढलं, मासा वाढला, पाणी दिलं, पण नजर उचलली नाही. हे न जेवताच उठले.

संध्याकाळी आम्ही रोझ बेलला पोचलो. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. सांजवेळी त्यांना माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. हे पुढे होते. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून त्या उठल्या, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "राधा, आलास का रे?"

हे त्यांच्या हातांपुढे थांबले.

"नाही आई," हे म्हणाले, "मीच आहे."